पुन्हा सात नंबरचा किनारा

दिल्लीच्या उत्तरेकडच्या रिजवर, झाडीतून वर चढत जाणाऱ्या रस्त्याच्या माथ्यावर हिंदूराव रुग्णालय आहे. रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे रोज हे नाव घेतात. पण ते कागलच्या घाटगे घराण्यातल्या एका मराठी सरदाराचं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांची राणी बायजाबाई, तिचे हे भाऊ. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाला. त्यानंतर टेकडीवरचा त्याचा बंगला हिंदूरावांनी घेतला आणि त्या जागेला त्यांचं नाव चिकटलं ते कायमचंच. १८५७ च्या लढाईत या बंगल्यावर तोफगोळे पडले, पुढे १९११ साली इथे रुग्णालय सुरू झालं. सरदार गेले, बंगल्याचं रूप पालटलं. नाव तेवढं राहिलं.

या टेकडीच्या उतारावर, मलकागंजच्या बाजूला, एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहतं. यजमान केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, पत्नी शाळेत शिक्षिका, एकुलती एक मुलगी आता कॉलेजात. मूळ गाव देवगड तालुक्यातलं. घराच्या मागच्या पडवीत उभं राहिलं की समुद्राची गाज ऐकू येते असं. नावं छापू नयेत, एवढीच त्यांची अट.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत एकाखाली एक तीन फोटो लावले आहेत. तिन्ही अंदमानच्या राधानगर किनाऱ्यावरचे, तिन्ही एकाच झाडापाशी काढलेले. पहिला डिसेंबर २०१५ चा. त्यात मुलगी नऊ वर्षांची, दोन वेण्या घातलेली. दुसरा फेब्रुवारी २०१९ चा. तिसरा जानेवारी २०२४ चा. त्यात मुलगी आईपेक्षा उंच झालेली आहे आणि झाडाच्या मुळावर, पदर डोक्यावरून घेतलेली एक म्हातारी बसली आहे. ती यजमानांची आई. घरी आलेला पाहुणा हे फोटो बघतो आणि हमखास एकच प्रश्न विचारतो. सारखं सारखं तिथेच का जाता? दुसरी जागा नाही का मिळत?

खरं तर या प्रश्नाच्या आड आणखी एक प्रश्न आहे. ज्याच्या गावच्या घरामागेच समुद्र आहे, त्याने समुद्र बघायला इतक्या लांब का जावं?

याचं निम्मं उत्तर सरकारी नियमात सापडतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला एलटीसी, म्हणजे रजा प्रवास सवलत मिळते. चार वर्षांचा एक गट धरतात. त्या गटात साधारणपणे एकदा स्वतःच्या गावी आणि एकदा भारतात कुठेही, अशा दोन खेपांचं भाडं सरकार देतं. फक्त भाडं, राहणं, जेवण, फिरणं ज्याचं त्याने बघायचं. २०१४ साली सरकारने या सवलतीत अंदमान-निकोबारची भर घातली. गावाकडची एक खेप सोडून द्या आणि तिच्या बदल्यात अंदमानला जा. ज्यांना एरवी विमानाचा हक्क नाही त्यांनाही कोलकाता, चेन्नईसारख्या शहरापासून पुढे विमानाने जाता येईल, अशी ती सोय. सुरुवातीला मुदत दोन वर्षांची होती, ती पुढे वाढत गेली. दिल्लीतल्या सरकारी वसाहतींमधून अंदमानचा ओघ वाढला तो तेव्हापासून. एकेका विभागातले चार-चार जण त्या मोसमात तिकडे. डब्यांच्या वेळी मंत्रालयाच्या व्हरांड्यात बोटींच्या वेळापत्रकांवर चर्चा!

सवलत चांगलीच आहे. पण तिच्यातली अट जरा नीट वाचावी. गावाकडची खेप सोडून द्या, हे तिचं मोल आहे.

पहिल्या वेळी, २०१५ साली, हे मोल मोजावं लागलं नाही. ती ‘भारतात कुठेही’ची खेप होती. तेव्हाच्या वेतनश्रेणीत दिल्लीहून विमानाचा हक्क नव्हता. म्हणून हावड्यापर्यंत रेल्वे, बरोबर पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि तिळाची चटणी. कोलकात्याहून पहाटेचं विमान. घरातल्या तिघांचाही तो पहिला विमानप्रवास. खाली ढग संपले आणि हिरवी बेटं दिसू लागली, तेव्हा मुलीने खिडकीला लावलेलं नाक उतरेपर्यंत काढलं नाही.

पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर सगळे पर्यटक जे करतात ते त्यांनीही केलं. सेल्युलर जेल, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम, अ‍ॅबर्डीन बाजारातल्या अन्नपूर्णामध्ये डोसा. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने हॅवलॉक. तिथल्या किनाऱ्यांना नंबर आहेत. तीन नंबर म्हणजे बाजार, पाच नंबर म्हणजे विजयनगर, सात नंबर म्हणजे राधानगर. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर अशीही गावं इथे आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना या बेटावर जमिनी देऊन वसवलं, त्यांनी ही नावं आणली. शेजारच्या नील बेटावर सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर आहेत. कृष्ण एका बेटावर, राम दुसऱ्यावर!

राधानगरच्या किनाऱ्याला २००४ साली ‘टाइम’ने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, तेव्हापासून तो जगाच्या नकाशावर आहे. मागे समुद्री महुआची उंचच उंच झाडं, पुढे पांढरी, पिठासारखी वाळू, आणि तोंड पश्चिमेला. सूर्य इथे पाण्यात बुडतो, अगदी देवगडला बुडतो तसाच. फरक एवढाच, की घड्याळ दिल्लीचं आणि जागा कितीतरी पूर्वेला. त्यामुळे डिसेंबरात पाच वाजताच सूर्यास्त होतो. हे ठाऊक नसल्याने पहिल्या दिवशी जेवून, झोपून, सावकाश चारला निघालेलं हे कुटुंब पोचलं तेव्हा उरलेसुरले रंगच हाती लागले. दुसऱ्या दिवशी मात्र दुपारीच जाऊन बसले.

त्या दुसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. माहुताबरोबर एक म्हातारा हत्ती किनाऱ्यावरून चालत आला. राजन त्याचं नाव. एके काळी लाकडं ओढण्यासाठी अंदमानात आणलेले हत्ती बेटांमधली खाडी पोहून पार करत; राजन हा त्या पोहणाऱ्या हत्तींमधला अखेरचा म्हणून प्रसिद्ध होता. तोवर त्याचं पोहणं थांबलं होतं. मुलगी त्याच्या मागोमाग त्याच्या पावलांच्या ठशांत पाय ठेवत चालत राहिली. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, राजन गेला.

आणि एक खानावळ होती. किनाऱ्याच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या छपरांच्या ज्या टपऱ्या, त्यांतली एक. चार बाकं. एक बंगाली नवरा-बायको चालवायचे. पानावर भात, डाळ, तळलेलं वांगं आणि मोहरी वाटून केलेला मासा. कोकणी जिभेला खोबरं, कोकम नसलेला मासा आधी परका वाटतो. पण दुसऱ्या जेवणाला तिघांनाही त्याची गोडी लागली. चार दिवसांत सात जेवणं तिथेच झाली. मोबाइलला रेंज नावापुरतीच, इंटरनेट नाही म्हटलं तरी चालेल. ऑफिसचा फोन नाही, गावाहून वाटणीच्या कागदांची आठवण नाही. यजमानांच्या मते लग्नानंतर एवढी झोप त्यांना कधी मिळाली नव्हती.

गावच्या समुद्राचं आणि याचं अंतर इथे कळतं. देवगडला पोचलं की समुद्र मागे राहतो. कौलं फुटलेली असतात, कुळाचाराचं राहिलेलं असतं, चुलत्यांकडे जावं लागतं आणि एकाकडे गेलं की दुसऱ्याकडे जावंच लागतं. पंधरा दिवसांत पाय ओले करायला एखादी संध्याकाळ मिळाली तर मिळाली. सुनेच्या वाट्याला तर तीही नाही. बेटावर कुणी नात्याचं नसतं, ही त्या बेटाची मोठी खूण. हे बोलून दाखवायचं नसतं, पण पुष्कळ घरांत हेच असतं.

त्याच त्या जागी जाणारे तसे कमी नाहीत. मुंबई-पुण्याची कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं गणपतीपुळ्याला, दिवेआगरला, तारकर्लीला ठरलेल्या घरीच उतरतात, ठरलेल्या काकूंच्याच हातची सोलकढी पितात. नवी जागा बघणाऱ्याला डोळे उघडे ठेवावे लागतात. जुन्या जागी जाणाऱ्याला ते मिटायचीही मुभा असते. पण जुन्या जागेची एक खोडही आहे. ती आपल्याला मागचा हिशेब दाखवते. झाडापाशी मुलगी उभी राहते आणि मधली चार वर्षं एकदम डोळ्यांपुढे येतात.

दुसरी खेप फेब्रुवारी २०१९ ची. नुकतीच बेटांची नावं बदलली होती. ३० डिसेंबर २०१८ ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. (पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं.) जेट्टीवर हमाल मात्र ‘हॅवलॉक, हॅवलॉक’ असाच पुकारा करत होते. सात नंबरच्या खानावळीत पाऊल टाकलं आणि बंगालीण बाईने आधी मुलीला ओळखलं, मग आईला. यजमानांना सगळ्यांत शेवटी. त्या दिवशी पानात माशाचा एक तुकडा जास्त आला आणि त्याचे पैसे तिने घेतले नाहीत.

पत्नीची तक्रार सुरू झाली तीही याच खेपेला. बारातांगच्या चुनखडीच्या गुहा राहिल्या. दिगलीपूरजवळची रॉस आणि स्मिथ ही जुळी बेटं, ओहोटीला वाळूच्या पट्टीने जोडली जाणारी, तीही राहिली. तक्रार रास्त होती. अंदमानात पाचशेहून अधिक लहानमोठी बेटं आणि यजमान दोनदा येऊन एकाच झाडाखाली बसलेले! अखेर तडजोड म्हणून एक दिवस वंडूरहून जॉली बॉयला जायचं ठरलं. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं हे बेट वर्षातले काही महिनेच उघडं असतं, उरलेल्या महिन्यांत रेड स्किनला नेतात. तिथे प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा नेता येत नाही, आणि हा नियम खरोखर पाळला जातो, हे आपल्याकडच्या किनाऱ्यांची सवय असलेल्यांना नवलाचं वाटतं. वाटेत सिप्पीघाटला रस्त्याच्या कडेला पाण्यात उभी राहिलेली वाळकी झाडं दिसतात. ती शेतं होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली, त्सुनामीचं खारं पाणी आत शिरलं ते शेतातून परत गेलंच नाही. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघितले. पण रंग पुष्कळसे उडालेले होते. २०१० साली समुद्राचं पाणी तापलं आणि अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, २०१६ मध्ये पुन्हा तेच झालं. जाहिरातीतल्या फोटोंवर विसंबून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

ही खेप गावाच्या बदल्यातली होती. ‘भारतात कुठेही’ची खेप पुढच्या वर्षीच्या काश्मीरसाठी राखून ठेवली होती. गावी वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की बरं, आंबे पार्सलने पाठवतो. त्यांची आणि मुलाची भेट आदल्या वर्षीच्या गणपतीत झाली होती.

काश्मीर झालं नाही. २०२० साली सगळंच बंद पडलं. मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत देवगडला वडील गेले, तेव्हा मुलगा दिल्लीत स्वतःच पॉझिटिव्ह होऊन एका खोलीत बंद होता. तो गावी पोचला ते चौदावा उलटून गेल्यावर. २०१८ च्या गणपतीतली भेट शेवटची ठरली. दोष बेटाचा नाही, सवलतीचा नाही, हे त्याला कळतं. स्वतःच्या पैशाने तिकीट काढायला कुणी अडवलेलं नव्हतं. रजाच कमी होत्या. पण २०१९ ची ती खेप गावी झाली असती तर वडिलांबरोबर आंब्याच्या दिवसांतले पंधरा दिवस मिळाले असते, हा हिशेब तो अजून अधूनमधून करतो. त्या दुसऱ्या फोटोकडे तो फारसं बघत नाही, हे त्याच्या बायकोच्या लक्षात आलेलं आहे.

तिसरी खेप त्यातूनच निघाली. २०२३ च्या दिवाळीनंतर आईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दिल्लीला आणलं होतं. दोन्ही डोळ्यांना दिसू लागलं. अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही एलटीसी मिळते. एव्हाना बढतीमुळे विमानाचा हक्कही आला होता. जानेवारीत चौघं निघाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, आयुष्यात पहिल्यांदा विमानात, मांडीवर लाडवांचा डबा घट्ट धरून.

विमानतळाचं नाव वीर सावरकर. नवी, शंखशिंपल्याच्या आकाराची इमारत जुलै २०२३ मध्ये सुरू झालेली. सेल्युलर जेलमध्ये मात्र आजी सगळ्यांच्या पुढे. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात बाह्यांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे. मुलगा म्हणाला, आई, खालूनच नमस्कार कर. ती ऐकेना. कठड्याला धरून, मध्ये दोनदा बसून ती वर गेली. तिची बहीण रत्नागिरीला दिलेली. तिच्याकडे गेल्यावर पतितपावन मंदिरात जायचा तिचा नेम. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना १९३१ साली झालेलं ते मंदिर. रत्नागिरीचं पाहिलेलं होतं, त्याच्या आधीचं आज पाहिलं, असं तिने नातीला सांगितलं. कोठडीत ती बराच वेळ होती. बाहेर आली ती गप्पच, आणि खाली उतरल्यावर नारळपाणी मागितलं.

राधानगरला पोचायला साडेतीन वाजले. किनाऱ्याला २०२० साली ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं, त्यानंतर कपडे बदलायच्या खोल्या, जीवरक्षक, कचऱ्याच्या पेट्या सगळं नीटनेटकं आलेलं. मगरींपासून सावध राहायच्या पाट्या आहेत, त्या वाचाव्या आणि पाळाव्या. आजीने चपला हातात घेतल्या, वाळूत दहा पावलं टाकली, पाण्याकडे बघितलं, माडांकडे बघितलं आणि मालवणीत म्हणाली, ‘ह्यो तर आमचोच दर्या! मगे इतक्या लांब कित्याक इलाव?’

सगळे हसले. मुलाला मात्र हसू आलं नाही. तो आईला घेऊन झाडाकडे गेला.

मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. इथे रापण ओढत नाहीत का? होड्या कुठे ठेवतात? बांगडा काय भावाने? एवढी चांगली वाळू आणि कुणी मासळी सुकत घातली नाही! पर्यटकांसाठी मोकळा राखलेला किनारा तिला जरा ओका-बोका वाटला. सव्वापाचच्या सुमाराला सूर्य बुडाला, तेव्हा तिचा विश्वास बसेना. गावाकडे त्या दिवसांत सूर्य सव्वासहापर्यंत वर असतो. एक तास कुणी नेला, असं ती नातीला विचारत राहिली.

आणि ती खानावळ नव्हती. त्या जागी पक्कं छप्पर, रंगीत दिवे आणि जाडजूड मेनूकार्ड. पनीर, नूडल्स, गुजराती थाळी. शेजारच्या नारळवाल्या पोराने सांगितलं, की दोघंही लेकीकडे दिगलीपूरला गेले, जागा भाड्याने दिली. यजमान त्या दिवशी तीन टपऱ्या फिरले. मोहरीचा मासा एका ठिकाणी मिळाला. पत्नी आणि मुलगी दोघींचंही प्रामाणिक मत असं पडलं, की तो आधीच्या खानावळीतल्यापेक्षा बरा होता. यजमान काही बोलले नाहीत. आजीने काटा काढता काढता विचारलं, ह्यात खोबरं का घालत नाहीत?

आणखी एक बदल. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, त्यामुळे आता नारळवाल्याचे पैसेही मोबाइलवरून देता येतात. त्याच मोबाइलवर चार दिवसांत ऑफिसचे अकरा फोन आले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. नोव्हेंबर ते एप्रिल हा चांगला काळ. नाताळाच्या सुमारास गर्दी आणि भाव दोन्ही चढे. बोटींची तिकिटं आधी काढावी, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला परतावं. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर रोज एकच ठिकाण ठेवावं. सूर्यास्त बघायचा तर चार वाजता किनाऱ्यावर असावं. एलटीसीवर जाणाऱ्यांनी तिकीट सरकारमान्य एजंटाकडूनच काढावं, नाहीतर बिल अडकतं. या बाबतीत पहिल्या खेपेला या कुटुंबाचे सात महिने कागद फिरण्यात गेले.

आजी आता गावी आहे. देवगडच्या घरात देव्हाऱ्याच्या बाजूला तिसरा फोटो तिनेही लावून घेतला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती जेलच्या जिन्याची गोष्ट सांगते. समुद्राबद्दल विचारलं तर हात मागच्या पडवीकडे करते.

एलटीसीचा त्यानंतरचा गट २०२६ ते २०२९ चा. मुलीला जुळी बेटं बघायची आहेत. पत्नी म्हणते, अहो, एकदा दिगलीपूरला जाऊ, तुमची बंगालीण भेटली तर तिलाही बघू. यजमानांनी यावर होही म्हटलेलं नाही, नाहीही. मागच्या पावसात गावच्या घराची पडवी गळली, ती पुढच्या पावसाच्या आत शाकारायची आहे. सुताराने एप्रिलचा दुसरा आठवडा दिला आहे, कौलं सांगून ठेवली आहेत.